आठव्या महिन्यातला सदरा

सदरा मुलाच्या अंगावर बरोबर बसला आणि बाप घाबरून गेला. दुसऱ्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो हसला असता. मुलाला घातलेला सदरा नीट बसावा एवढंच तर आईबापांना हवं असतं, आणि ज्याचा जन्म परक्यांच्या अंगावर कपडे नीट बसवण्यात चालला आहे त्याने तर मिशीतल्या मिशीत हसायला हवं होतं. पण तो पलंगाच्या कडेवर तसाच बसून राहिला, बोटं शेवटच्या बटणावर ठेवून. खरं तर मुलाला कपडे घालणं हे त्याचं काम नव्हे. ते सासूबाईंचं खातं. पण आज सासूबाई न्हाणीघरात अडकल्या होत्या, बायको औषधाच्या दुकानाच्या किल्ल्या शोधत घरभर फिरत होती, आणि मुलाने पांघरुणासकट सगळं ओलं करून ठेवलं होतं. बायकोने खुर्चीवरच्या ढिगातून हाताला लागला तो कपडा ओढला आणि त्याच्याकडे फेकला. "हा घाल, आणि पटकन." त्याने झेलला. फिकट निळा, बारीक कॉलरचा, पुढे बटणपट्टी असलेला. त्यानेच कापलेला. मूल जन्माला यायच्या आधी, कारखान्यातलं उरलेलं मऊ सुती अस्तर मागून घेऊन. याच सदऱ्यात मूल दवाखान्यातून घरी आलं होतं, आणि आता त्याला आठवा महिना लागला होता. एक हात घातला, दुसरा घातला, पाठ सारखी केली, बटणं लावली. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. कुठे ताण नाही, कुठे ओढ नाही. तोच सदरा, तेच अंग. मूल त्याच्याकडे बघून तोंडभर लाळ गाळत हसलं.

कपड्यांच्या बाबतीत त्याचे काही हट्ट होते आणि ते घरात सगळ्यांना पाठ होते. विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कपड्यांवर त्याचा विश्वास नव्हता. ते कुणाच्याही अंगाला होतात, म्हणजे ते कुणाचेच नसतात, असं त्याचं म्हणणं. नातेवाइकांनी मुलाला दिलेले सगळे कपडे असलेच, रबरासारखे. आज घाला, सहा महिन्यांनी घाला, तक्रार नाही. त्यांच्याकडे बघून मूल वाढलं की नाही हे कुणी सांगावं? कापलेलं, शिवलेलं कापड तसं नसतं. ते आपल्या मापाशी इमानाने राहतं. माणूस जाड झाला की बटण तटतं, वाळला की खांदा लोंबतो. कारखान्यात लोक त्याला मास्तर म्हणत, कापणारा मास्तर, आणि गेली कित्येक वर्षं तो फक्त जाड लोकरी कोट कापत आला होता. तो माप घेत नसे. मापं कागदावर येत, तो साचा ठेवी, खडूने आखी, कापी, आणि कापलेले तुकडे पुढे मशिनवर जात. आपण कापलेला कोट कुणाच्या अंगावर कसा बसतो हे त्याने रस्त्यावर परक्या लोकांच्या पाठी बघूनच शिकून घेतलं होतं. या एका सदऱ्याचं अंग तेवढं त्याच्या ओळखीचं होतं. आणि ते अंग इतक्या महिन्यांत तसूभर सरकलं नव्हतं.

"काय गं," त्याने विचारलं, जमेल तितकं सहज. "हा वाढतोय ना?"

"कोण?" किल्ल्या सापडल्या होत्या, आता चप्पल सापडत नव्हती. "बटण?" मुलाला ती दोघं लाडाने बटणच म्हणत. "वाढतोय की. मागच्या आठवड्यात तर दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाल्या, ठीक आहे."

"ठीक म्हणजे?"

"ठीक म्हणजे ठीक. असं काय करतोस?" आणि मग तिची नजर मुलावर गेली, सदऱ्यावर गेली, आणि तिथे क्षणभर थबकली. तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. सासूबाई ओले केस पंच्यात गुंडाळत बाहेर आल्या, त्यांनी मुलाला पाहिलं, जावयाला पाहिलं, आणि मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. बाकी सगळं त्याने सोडून दिलं असतं, पण ते एकमेकींकडे पाहणं त्याला विसरता येईना. "द्या, द्या इकडे," सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "तुम्हाला उशीर होईल मास्तर. मी बघते." त्यांनी मुलाला असं उचललं की सदऱ्याची बाजू त्यांच्या कुशीत गेली. आणि बायकोची चप्पल एकदम सापडली.

रस्त्याला लागल्यावर त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. समजूत घालणं त्याला चांगलं जमे. तो स्वतःशी एखाद्या कंटाळलेल्या कारकुनासारखा बोलत असे, पुढचा माणूस खिडकीवरून निघून जाईपर्यंत. मूल हसतं, रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. सासूबाईंचा चष्मा दोनदा मोडून झाला. आजारी मूल चष्मे मोडत नाही. पण नजर ऐकत नव्हती. दुकानांसमोरून बाबागाड्या जात होत्या आणि तो प्रत्येक बाबागाडीत वाकून बघत होता, इतका की एका बाईने गाडी दुसऱ्या बाजूला वळवली. त्यातली मुलं त्याला अवाढव्य वाटली. गालच गाल. एक तर चक्क दंड वर करून बसलं होतं, आखाड्यातल्या पैलवानासारखं. हे केवढं असेल? सात महिन्यांचं? नऊ? कुणाला विचारायची सोय नव्हती. चौकात वाहनं थांबेपर्यंत उभं राहताना त्याला वाटलं की आपण रोज हे मूल उचलतो, मग आपल्याला कळायला नको का जड झालं की नाही? पण त्याला ते कळत नव्हतं हेच खरं होतं. एक तर उचलायचं ते क्षणभर, कामावर जाताना आणि आल्यावर, लगेच कुणीतरी दूध पाजायला नाही तर निजवायला घेऊन जाई. आणि त्याचे हात लोकरीचे तागे उचलून उचलून बधिर झालेले. त्या हातांना मुलाचं वजन म्हणजे काहीच नाही. कालचंही काहीच नाही, आजचंही काहीच नाही.

ठीक आहे. हा शब्द त्याच्या जुन्या ओळखीचा होता. लहानपणीच्या घरात तो भिंतींना लागून राहिला होता. स्वयंपाकघराच्या दारावर, वरच्या बाजूला, एक खिळा होता आणि त्याला दोन दोरे लटकलेले असत, एक त्याचा, एक धाकट्या भावाचा. वर्षातून एकदा आई दोघांना दाराशी उभं करी, टाच टेकवा म्हणे, डोक्यावर पुस्तक ठेवी आणि दोऱ्याला गाठ मारी. त्याच्या दोऱ्याच्या गाठी वर वर चढत गेल्या. धाकट्याच्या दोऱ्याला एक गाठ होती, मग तिच्या डोक्यावरच दुसरी बसली, मग तिसरी, आणि तिथे एक गुंता झाला, मुठीत मावेल एवढा. आई तो गुंता अंगठ्याने दाबून बघे. "ठीक आहे," वडील म्हणत. "एकेकाची वाढ उशिरा होते." काका म्हणत, ठीक आहे. शेजारी म्हणत. त्याचे आखूड झालेले कपडे धुऊन, घडी करून धाकट्यासाठी पेटीत ठेवले जात, आणि पेटी भरत चालली, कारण धाकट्याला त्यातलं काहीच होत नसे. मूठभर अंग मोठ्या भावाच्या शर्टात हरवून जाई आणि तो बाह्यांतून हात काढून टाळ्या वाजवत नाचे, भूत भूत करत. सगळे हसत. तोही हसे. मग एका वर्षी आईने दोऱ्यांपाशी कुणाला उभंच केलं नाही. त्यालाही नाही. त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, करू सावकाश. त्या वर्षाच्या अखेरीला धाकटा गेला. कशाने, ते त्या वेळी कुणी त्याला सांगितलं नाही आणि पुढे विचारायचं राहून गेलं. त्याच्या आठवणीत एवढंच राहिलं की मोठी माणसं त्याच्यासमोर एकमेकांकडे बघत, आणि मग म्हणत, ठीक आहे. बायकोला त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं की एक भाऊ होता आणि लहानपणीच गेला. एवढं पुरेसं आहे असं त्याला वाटत आलं होतं.

कारखान्यात शिरताच गरम इस्त्रीचा आणि ओल्या लोकरीचा वास आला आणि त्याला थोडं बरं वाटलं. लांब टेबल, टेबलावर थरांवर थर पसरलेलं राखाडी कापड, वर लोखंडी वजनं. इथे त्याचा अंमल होता. त्याने साचा ठेवला, खडू घेतला आणि आखायला लागला. साच्यावर शिवणीची जागा कधी दाखवलेली नसे. ती कापणाऱ्याने आपल्या हाताने सोडायची. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचं, त्याला धंद्यात माया म्हणतात, म्हणजे पुढे माणसाचं पोट सुटलं तर कोट उसवून मोठा करता येतो. इतकी वर्षं त्याचा हात ती आपोआप सोडत आला होता, साच्याच्या कडेपासून अंगठाभर लांब, विचार न करता, जसा माणूस जिना चढताना पायऱ्यांचा विचार करत नाही. आज हात चालत होता आणि मन दुसरीकडेच होतं. समोरच्या भिंतीवर कागदी साचे खिळ्यांना टांगलेले होते, रुंद पाठीचे, पोटाळू, उंच, बुटके, आणि सगळ्यात शेवटी, एका कोपऱ्यात, एक अगदी चिमुकला साचा, त्या निळ्या सदऱ्याचा. तो टांगताना इस्त्रीवाले किती हसले होते! त्याने जाऊन तो खाली काढला. पाठ तळहातापेक्षा थोडी मोठी. एवढ्याशा कागदावर त्याने त्या वेळी तीन रात्री खपून रेघा मारल्या होत्या, कारण एवढ्या लहान माणसाला खांदे कुठे असतात हेच त्याला उमगत नव्हतं. आता तो कागद हातात धरून त्याने मनातल्या मनात त्याच्यावर मुलाला निजवलं. आणि मूल त्यात मावलं. आज सकाळी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ते मावलं होतं. म्हणजे हे मूल अजून एवढंच आहे. कागदाएवढं.

"काय रे मास्तर, दुसरा काढतोयस की काय?" मशिनवरच्या काकूंनी विचारलं. तो सदरा त्यांनीच शिवला होता, जेवणाच्या सुट्टीत, हौसेने, पैशाचं नाव काढू न देता. "की पहिलाच होतोय अजून?"

"होतोय," तो म्हणाला.

"अजून होतोय?" काकूंनी मशिनचा पाय उचलला. "आठव्या महिन्यातल्या पोराला? कमाल आहे बाई!"

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं की नवलाने की आणखी कशाने, हे त्याला समजायला मार्ग नव्हता. त्याला ऐकू आलं ते असं, की चूक आता बाहेरच्यांनाही दिसायला लागली आहे. त्याने साचा परत टांगला, तो खिळ्यावरून पडला, पुन्हा टांगला. कात्री उचलली आणि थरावर ठेवली, आणि आपण कुठल्या रेघेवर आहोत हेच त्याला उमगेना. असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. इथे एक चूक केली तर ती एका कोटात होत नाही, थरात जेवढे कोट आहेत तेवढ्या सगळ्यांत होते. त्याने कात्री खाली ठेवली आणि मालकांना जाऊन सांगितलं, घरी जातो, बरं वाटत नाही. मालकांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि लगेच म्हणाले, जा जा. काकू मागून काहीतरी विचारत होत्या. तो जिना उतरलासुद्धा.

दुपारच्या उन्हात आपली गल्ली अशी दिसते हे त्याला माहीतच नव्हतं. तो पहाटेचा आणि संध्याकाळचा माणूस. आता तिथे एकही सावली नव्हती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, आणि दोऱ्यांवरच्या सगळ्या लहान कपड्यांकडे बघायचं नाही असं ठरवून तो खाली मान घालून चालला. घरी जाऊन करायचं काय, हे त्याने ठरवलं नव्हतं. मुलाला उचलायचं, डॉक्टरांकडे न्यायचं, आणि म्हणायचं, ठीक आहे हे सोडून दुसरं काही सांगा. वाईट असेल तर वाईट सांगा. त्याला एकाएकी आपल्या आईचा राग आला, इतक्या वर्षांनी, चौथ्या मजल्याच्या अर्ध्या जिन्यात. तिने दोऱ्यांपाशी उभं करणं का थांबवलं? मला का नाही सांगितलं? आणि लगेच तो राग विरघळला, कारण त्याच्या लक्षात आलं की गळ्यात टेप आणि डोक्यात दुनियेची मापं घेऊन फिरणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मुलाला आजवर एकदाही टेप लावली नव्हती. एकदाही नाही. बायकोने गमतीने म्हटलं होतं, घे की माप, तर तो म्हणाला होता, करू सावकाश.

दार नुसतं लोटलेलं होतं. तो चप्पल न वाजवता आत आला आणि उंबऱ्यापाशीच थांबला. खिडकीखाली चटईवर मूल उघडंबंब बसलं होतं आणि रिकाम्या लाकडी रिळाशी झटापट करत होतं. शेजारी सासूबाई, मोडक्या चष्म्याला दोरा बांधून, मांडीवर काहीतरी निळं घेऊन त्यावर डोकं घालून बसल्या होत्या. हातात दाढीचं पातं होतं. त्यांनी वर पाहिलं, जावयाला पाहिलं, आणि शाळेतल्या पोरीने चिंचा लपवाव्यात तसं ते निळं झटकन मांडीखाली सारलं.

"अगंबाई! आज लवकर?"

"काय लपवलंत?"

"कुठे काय?"

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा निघाला की मूलसुद्धा रीळ सोडून बघायला लागलं. "मला सांगा. काय असेल ते सांगा. मला सकाळीच कळलंय. तुम्ही दोघी माझ्यापासून काहीतरी लपवताय. याची वाढ थांबलीय ना?"

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग ती कुठेतरी अडखळली, आणि मग नुसतं आश्चर्य उरलं. "वाढ?" त्या म्हणाल्या. "कुणाची वाढ थांबलीय? या ठोंब्याची? अहो, उसवून उसवून माझी बोटं झिजली!" आणि त्यांनी मांडीखालून सदरा काढला आणि त्याच्यापुढे धरला, उलटा.

त्याने तो हातात घेतला. उलट बाजू वर होती. बगलेपासून खाली कडेपर्यंत त्याला टाक्यांच्या भोकांची एक रांग दिसली, बारीक, मशिनची, काकूंची, सुरेख. तिच्या बाहेरच्या बाजूला दुसरी रांग होती, हाताची, जरा वेडीवाकडी, तिचा दोराही काढून टाकलेला. तिच्या बाहेर तिसरी. आणि तिसरी आता अर्धी उसवलेली होती, आणि तिच्या पलीकडे नव्या शिवणीसाठी जेमतेम बोटाच्या नखाएवढं कापड उरलं होतं. दुसरी कूस पाहिली, तेच. बाहीच्या आत, तेच. खालची दुमड पूर्ण उलगडलेली, जुन्या घडीची फिकट रेघ तिथे राहिली होती. त्याला आधी काही समजेना. त्याने एवढं कापड आलं कुठून म्हणून बोटांनी चाचपून पाहिलं, आणि मग त्याला आपलाच हात ओळखू आला. अंगठाभर माया. एवढ्याशा सदऱ्याला त्याने कोटाची माया सोडली होती! साच्यावर रेघा मारताना तीन रात्री घालवल्या, आणि कापताना हाताने आपल्या सवयीने पोट सुटणाऱ्या मोठ्या माणसाची तजवीज करून टाकली. काकू त्या वेळी शिवताना काहीतरी म्हणाल्याही होत्या, बाळाचा आहे की पहारेकऱ्याचा म्हणून, पण तो तेव्हा आनंदात इतका बहिरा झाला होता की नुसता हसला होता. आणि आज सकाळी, रस्त्याच्या पलीकडून वाकडी शिवण ओळखणाऱ्या या माणसाने सदरा मुलाला घातला आणि त्याला तीन शिवणी दिसल्या नाहीत, कारण त्याने पहिल्यांदाच कापडाकडे न बघता अंगाकडे बघितलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला?" सासूबाईंनी पातं कागदात गुंडाळायला घेतलं. "माझी काय टाप आहे? मागे तुमच्या पायजम्याची दुमड मी शिवली होती, आठवतं? तुम्ही काही बोलला नाहीत. माझ्यादेखत सगळी उसवलीत आणि पुन्हा शिवलीत. न बोलता. मला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. तेव्हा म्हटलं, मास्तरांच्या सदऱ्याला हात लावलेला त्यांना कळता कामा नये. पण पोरीला तो एवढा आवडतो, आणि तुम्हीही याला त्यात बघितलं की काय खुलता! टाकवेना. मग म्हटलं, गुपचूप थोडा मोठा करू. वरचं बटण लागेना, ते मी काढूनच टाकलं. तुम्ही विचारलं असतंत तर सांगणार होते, तोंडात घालेल म्हणून काढलं." त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "फार वाकडी आहे का हो?"

तो खाली बसला. बसला म्हणजे पाय मुडपून चटईवर पडलाच, आणि त्याला हसू यायला लागलं. ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तेही थांबेना, आणि सासूबाई घाबरून पाणी आणायला उठल्या. त्याने सदरा पुन्हा पुन्हा उलटा केला. एक रांग, दुसरी रांग, तिसरी रांग. बाहेर, बाहेर, बाहेर सरकत गेलेली. त्याने एवढ्या वर्षांत हजारो सरळ शिवणी पाहिल्या होत्या, पण यापेक्षा सुंदर काही पाहिल्याचं त्याला आठवेना. मूल रांगत आलं, त्याच्या गुडघ्याला धरून उभं राहायला बघू लागलं, आणि दोन्ही हातांनी त्याच्या गळ्यातली टेप ओढून तोंडात घातली.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "आई, खरंच सांगतो. एक टाका वाकडा नाही."

"खोटं बोलू नका. सगळी वाकडी आहे."

"वाकडी आहे," त्याने कबूल केलं, आणि आता दोघंही हसायला लागले.

"पण आता संपलं हो," सासूबाई म्हणाल्या, सदऱ्याची कड त्याला दाखवत. "यापुढे उसवायला काही उरलं नाही. ही शेवटची. पंधरा दिवस चालेल फार तर. मग काय करायचं याचीच मी आणि ती काळजी करत होतो. तुम्हाला काय सांगायचं?"

पंधरा दिवस! त्याला वाटलं, कुणीतरी आपल्याला मोठी खुशखबर दिली आहे. सदरा आखूड होणार होता. बगलेत तटणार होता, मनगटावरून वर सरकणार होता, आणि शेवटी त्याची बटणंही लागणार नाहीत. या घरात आखूड झालेला पहिला कपडा. मग त्याने सासूबाईंना पेटीची गोष्ट सांगितली. ठरवून नव्हे. तोंड उघडलं आणि ती बाहेर आली. दोऱ्यांची, गाठींची, शर्टात हरवून भूत भूत करणाऱ्याची. सासूबाईंनी मधे एकदाही ठीक आहे म्हटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "नाव काय होतं हो त्याचं?" आणि त्याने सांगितलं, आणि ते नाव घरात मोठ्याने उच्चारल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते उच्चारायला इतकी वर्षं लागली, पण जीभ त्याला विसरली नव्हती. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला. "याला बटण बटण म्हणता," त्या म्हणाल्या. "माणसाच्या पोराला कुणी बटण म्हणतं का? घरात एवढं चांगलं नाव असताना?" आणि त्यांनी सदऱ्याची उरलेली शिवण उसवायला घेतली. त्याने दोरा ओवून दिला. त्या शिवत राहिल्या. एके ठिकाणी टाका फारच लांब गेला, त्याची बोटं शिवशिवली, पण त्याने ती मुलाच्या केसांत घालून ठेवली.

संध्याकाळी बायको आली तेव्हा तो मुलाला कडेवर घेऊन घरभर फिरत होता. तिला जिन्यातच काहीतरी वेगळं जाणवलं असावं, कारण ती दारात थांबून म्हणाली, "काय झालं? लवकर कसा?" तिने आईकडे पाहिलं. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्या पाहण्याची त्याला गंमत वाटली. सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं, तिखटमीठ लावून, तो दारात उभा राहून कसा ओरडला, मग कसा चटईवर कोसळला, आणि मी तर म्हटलं आता डॉक्टर यांनाच लागणार. बायको हसली नाही. ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या दंडाला हात लावला. "मी सकाळी तुझं तोंड बघितलं होतं रे," ती म्हणाली. "पण मला वाटलं, सदऱ्याची शिवण बघितलीस आणि चिडलास. म्हणून मी पळाले." मग थोड्या वेळाने, "एवढं मनात होतं तर मला का नाही बोललास?" त्याने मुलाला खांद्यावर घेतलं. तो म्हणाला, "आज बोलतो." आणि बोलला. पुन्हा पहिल्यापासून, फिरता फिरता, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. बायको ऐकत होती, मधेच काही विचारत होती, भांडी वाजत होती, पानं वाढली जात होती. सासूबाईंनी दोनदा सांगितलं, खाली ठेवा त्याला आणि जेवून घ्या. तो हो म्हणाला आणि फिरत राहिला. इतका वेळ त्याने मुलाला सलग घेतलंच नव्हतं कधी. मूल खांद्यावर मान टाकून झोपलं होतं आणि झोपलेली मुलं जड होतात तसं जड झालं होतं. आधी मनगट भरून आलं, मग कोपर. मग दंडात कळा यायला लागल्या, तागे उचलून कधी आल्या नव्हत्या अशा. बायको पुढे झाली आणि तिने दोन्ही हात पसरले.

"दे इकडे. हात दुखला असेल."

"दुखतोय," तो म्हणाला. "फार दुखतोय गं." आणि त्याने मुलाला दिलं नाही.